धुऊन आणलेली विमानं

दर वर्षी ८ ऑक्टोबरला, हवाई दल दिनाच्या दिवशी, माझा फोन विमानांच्या चित्रांनी भरून जातो. त्यात तेजस असतं, राफेल असतं, आणि हमखास दुसऱ्या महायुद्धातली जुनी लढाऊ विमानंही असतात. सोनेरी ढग, खाली हिरवीगार शेतं आणि एका कुशीवर वळलेलं स्पिटफायर. पंख चकचकीत, कॉकपिटची काच चकचकीत आणि काचेमागे कुणीच नाही. चित्र देखणं असतं, याबद्दल वाद नाही. मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढण्यात माझं आयुष्य गेलं आणि यंत्रांपैकी विमानाइतकं दुसरं काहीही काढायला मला आवडलेलं नाही. म्हणूनच हे स्पष्ट लिहायला हवं असं वाटतं. यातली बहुतेक चित्रं खोटी आहेत. त्यांतून जे पुसून टाकलंय, त्यामुळे ती खोटी ठरतात.

माझे थोरले मामा नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. मिग विमानांवर काम करता करताच ते निवृत्त झाले. मी कॉलेजात असताना खोलीच्या भिंतीवर स्पिटफायरचं एक मोठं छापील चित्र लावलं होतं. मामा घरी आले, चष्मा कपाळावर चढवून त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हे विमान लढून आलंय की धुऊन आणलंय?" मग त्यांनी पंखाच्या पुढच्या कडेवर बोट ठेवलं. "गोळ्या इथूनच सुटतात ना? मग काजळी कुठाय? एक्झॉस्टच्या मागे काळा पट्टा कुठाय? पोटाखाली तेलाचा एक ओघळ तरी? असं विमान आमच्या हँगरमध्ये आलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, हे अजून उडलेलंच नाही."

मामांनी स्पिटफायर कधी हाताळलं नव्हतं, पण बोट ठेवलं ते नेमक्या जागी. १९४० च्या स्पिटफायरला दोन्ही पंखांत मिळून आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या. त्यांच्या तोंडांवर जमिनीवरचे कामगार लाल रंग दिलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवत. आत धूळ आणि ओल जाऊ नये आणि उंचावरच्या थंडीत बंदुका गोठू नयेत, म्हणून ही व्यवस्था. वैमानिकाने पहिल्यांदा गोळ्या झाडल्या की त्या पट्ट्या फाटायच्या, पंखाखाली काजळी पसरायची आणि उघड्या पडलेल्या नळ्यांतून वारा शिटी घालायचा. विमान धावपट्टीवर उतरण्याआधीच खाली उभ्या असलेल्या माणसांना कळायचं की आपला पोरगा आज लढून आलाय. आता पुढच्या वेळी असं चित्र पाहाल तेव्हा एवढंच बघा. बंदुकांतून ज्वाळा निघताना दिसतात आणि लाल पट्ट्या मात्र जागच्या जागी शाबूत. ज्याने ते काढलं, त्याला विमानाचा आकार ठाऊक होता, पण त्या दिवशी त्या विमानाचं काय झालं हे त्याने स्वतःला विचारलंच नव्हतं.

आणि होत काय होतं? प्रत्येक बंदुकीला सुमारे तीनशे गोळ्या. सलग झाडल्या तर सगळ्या मिळून साधारण पंधरा सेकंद पुरतील एवढ्याच. म्हणजे विमानाच्या लढाऊपणाचा सगळा जीव त्या पंधरा सेकंदांत. वैमानिकाच्या अगदी पुढ्यात, त्याच्या गुडघ्यांच्या पलीकडे, सुमारे ३८५ लिटर पेट्रोलच्या टाक्या. तिथे गोळी लागली की आगीचा लोळ थेट तोंडावर आणि हातांवर. पोळलेल्या वैमानिकांवर ईस्ट ग्रिनस्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिंडो हे न्यूझीलंडचे सर्जन नवे चेहरे, नव्या पापण्या बसवत असत. त्यांच्या रुग्णांनी १९४१ मध्ये आपला एक क्लब काढला, गिनी पिग क्लब. युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सभासद झाले होते. रिचर्ड हिलरी हा स्पिटफायरचा वैमानिक ३ सप्टेंबर १९४० रोजी पाडला गेला, भाजला आणि मॅकिंडोंच्या हाताखाली कित्येक शस्त्रक्रियांतून गेला. त्या अनुभवावरचं त्याचं पुस्तक १९४२ मध्ये आलं. तो पुन्हा उडायला गेला आणि जानेवारी १९४३ मध्ये सरावाच्या उड्डाणात मरण पावला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. चित्रातल्या रिकाम्या काचेमागे हा मुलगा बसलेला होता.

१० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळातल्या ब्रिटनच्या हवाई लढाईत फायटर कमांडचे सुमारे २,९०० जण उडाले. त्यांतले ५४४ त्या साडेतीन महिन्यांतच गेले.

या लढाईची चित्रं किती एकतर्फी झाली आहेत, ते हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाकडे पाहिलं की कळतं. त्या उन्हाळ्यात हरिकेनची संख्या स्पिटफायरपेक्षा जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानंही हरिकेननीच पाडली. पोलंडहून परागंदा होऊन आलेल्या वैमानिकांचं ३०३ वं स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होतं आणि त्याची कामगिरी सगळ्यांत वरच्या रांगेत होती. पण हरिकेन पाठीशी कुबडं, जाडसर पंखांचं, मागचा अर्धा भाग चक्क कापडाने मढवलेला. स्पिटफायरचा पंख मात्र लंबवर्तुळाकार, टोकाकडे निमुळता होत गेलेला. चित्रकाराचा हात साहजिकच त्या पंखाकडे वळतो, माझाही वळतो. तरीही ऐंशी वर्षं सगळ्यांनी तोच पंख काढत राहायचं आणि ज्यांनी जास्त ओझं वाहिलं त्यांना चित्राबाहेर ठेवायचं, हा मला अन्याय वाटतो.

सुंदर चित्र आणि खरं चित्र एकाच कॅनव्हासवर मावत नाही, असं मात्र कुणी समजू नये. पॉल नॅश यांनी ते मावतं हे दाखवून दिलंय. त्यांना दम्याचा विकार होता, त्यामुळे त्यांना विमानात बसून वर जाता आलं नाही. १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई खात्याने त्यांना युद्धचित्रकार म्हणून नेमलं, पण खात्याला हवी होती वैमानिकांची व्यक्तिचित्रं आणि विमानांचे अचूक नमुने. नॅश यांची चित्रं साहेबांना पटेनात. वर्षाअखेरीला त्यांची नेमणूक संपवली गेली. युद्धचित्रकार समितीचे केनेथ क्लार्क त्यांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून काम पुढे चाललं. १९४१ मध्ये त्यांनी 'बॅटल ऑफ ब्रिटन' रंगवलं. ते लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे.

हे चित्र नीट बघा. विमानं जवळजवळ दिसतच नाहीत. खाली नागमोडी वळणं घेत समुद्राला मिळणारी नदी, वर मोठं आकाश आणि त्या आकाशभर पांढऱ्या वाफेच्या रेघा, एकमेकींत गुरफटलेल्या, वळून परत आलेल्या. उजवीकडून शत्रूची विमानं ओळीने, शिस्तीत येताहेत. मधोमध ती शिस्त मोडून पडली आहे. काळ्या धुराचा एक पट्टा सरळ खाली उतरतोय. स्पिटफायर कुठलं, जर्मन मेसरश्मिट कुठलं, ते शोधून सापडत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या, इंग्लंडमधल्या केंटच्या माणसाला त्या उन्हाळ्यात हेच दिसत होतं. वर कोण जिंकतंय ते कळत नाही, फक्त रेघा आणि कुणीतरी पडतंय एवढंच. विमानाचा एकही नट-बोल्ट न दाखवता उड्डाण दाखवणारं याहून खरं चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्याच सुमारास नॅश यांनी ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या भंगाराच्या आवारात साठलेली पाडलेली जर्मन विमानं पाहिली, त्यांचे फोटो काढले आणि त्यावरून 'टोटेस मीर' रंगवलं. चांदण्यात मोडक्या पंखांचा समुद्र पसरलाय आणि त्यावरून एक पांढरं घुबड अगदी कमी उंचीवर उडत चाललंय. शत्रूच्या विमानांचं चित्र असून त्यात टाळ्या नाहीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवते.

एरिक रॅव्हिलियस यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. जलरंगात विमानतळ आणि विमानं काढणारा हा नाजूक हाताचा चित्रकार हरवलेल्या एका विमानाच्या शोधावर निघालेल्या विमानात बसला आणि २ सप्टेंबर १९४२ रोजी आइसलँडजवळ ते विमानच परतलं नाही. चित्रासाठी वर जायची किंमत काही चित्रकारांनीही अशी मोजली आहे.

याउलट टोकाचं चित्र तुलिओ क्राली या इटालियन चित्रकाराचं, १९३९ सालचं. आपण वैमानिकाच्या पाठीमागे बसलोय, त्याचं डोकं समोर आहे आणि विमान उंच इमारतींच्या मधोमध नाक खाली करून झेपावतंय. रचना अशी जबरदस्त की पाहताना पोटात खड्डा पडतो. चित्रकार म्हणून मी त्या कोनांना दाद देते. पण त्या शहरात एक माणूस दिसत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९३८ मध्ये, इटलीच्या विमानांनी बार्सिलोनावर बॉम्ब टाकले होते आणि त्या रस्त्यांवर माणसं होती. झेपेची मजा घ्यायची आणि खाली काय आहे ते पुसायचं, ही आजच्या चकचकीत चित्रांची सवय तिथे पुरती उघडी पडते. पुढे १९७० च्या दशकात एअरफिक्स या खेळण्यांच्या कंपनीने आपल्या मॉडेल विमानांच्या खोक्यांवरच्या चित्रांतून बॉम्ब आणि स्फोट रंगाने झाकून टाकले. रॉय क्रॉस यांनी ती चित्रं फार मन लावून काढलेली होती. मुलांना हिंसा दिसू नये हा हेतू मी समजू शकते, पण बॉम्बफेकी विमान दाखवायचं आणि बॉम्ब लपवायचा, यातून मूल काय शिकतं?

फोटोंचं जरा वेगळं आहे. जुनी स्पिटफायर, हरिकेन आजही उडतात. ब्रिटनच्या हवाई दलाची एक तुकडी १९५७ पासून ती जपते आणि उडवते. तिचा तळ लिंकनशायरमधलं कॉनिंग्जबी. दुसऱ्या विमानाच्या उघड्या दारातून, पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊन, काही छायाचित्रकार या विमानांचे हवेतल्या हवेत फोटो काढतात. त्यांच्या कौशल्याला माझा नमस्कार. खरी कसोटी प्रॉपेलरवर लागते. सुरुवातीच्या स्पिटफायरचं मर्लिन इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला तीन हजार फेरे घ्यायचं आणि गिअरमुळे प्रॉपेलर साधारण १,४३० फेरे, म्हणजे सेकंदाला जवळपास चोवीस. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं तर तेवढ्यात पातं नऊ अंशही सरकत नाही. फोटोत पाती थिजलेली दिसतात आणि विमान दोरीने टांगल्यासारखं वाटतं. शटर साठाव्या भागापर्यंत खाली आणलं तर पातं १४० अंशांहून जास्त फिरतं, तीन पात्यांची मिळून पूर्ण चकती उमटते आणि विमान जिवंत होतं. पण तेवढा वेळ, थरथरत्या विमानात बसून, समोरच्या थरथरत्या विमानावर कॅमेरा स्थिर ठेवायचा. असा एक फोटो मिळवण्यासाठी कितीतरी फोटो वाया जातात. ज्याने तो मिळवला त्याने वेग म्हणजे काय हे अंगावर घेतलेलं असतं, आणि ते फोटोत उतरतं.

फोटोही फसवतो, हे मात्र ध्यानात ठेवावं. 'मेसरश्मिट १०९' म्हणून ज्या उडत्या विमानांचे फोटो आपण पाहतो, त्यांतली कित्येक स्पेनमध्ये बनलेली बुचॉन विमानं असतात. १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन' या सिनेमात तीच वापरली. त्यांच्यात इंजिन बसवलंय ब्रिटिश मर्लिन. खऱ्या जर्मन विमानात इंजिन उलटं बसवलेलं असायचं, म्हणून एक्झॉस्टची तोंडं नाकाच्या खालच्या अंगाला. बुचॉनमध्ये ती वरच्या अंगाला. म्हणजे पडद्यावर स्पिटफायर आणि मेसरश्मिट एकमेकांवर तुटून पडताना दोन्हींच्या पोटात एकाच घराण्याचं इंजिन धडधडत असतं. युद्धातला अस्सल उडता पुरावा हवा असेल तर विमानांच्या पंखांत बसवलेल्या गन कॅमेऱ्यांच्या फिती बघा. बंदुका सुरू झाल्या की तो कॅमेरा सुरू व्हायचा. पांढरट, दाणेदार, हलणारी ती चित्रं काही सेकंदांची असतात आणि त्यांना भिंतीवर कुणी लावत नाही.

आता संगणकाला चार शब्द सांगितले की तो सूर्यास्तातलं स्पिटफायर काढून देतो. यंदा मला आलेल्या अशा चित्रांत एका विमानाच्या प्रॉपेलरची दोन पाती एकमेकांना चिकटलेली होती आणि पंखावरची वर्तुळं दोन पंखांवर दोन तऱ्हेची होती. चुका उद्या सुधारतील. पण ते यंत्र जगातल्या सगळ्या चकचकीत चित्रांवर पोसलेलं असल्याने काजळी, फाटक्या पट्ट्या, पोळलेले हात त्यातून आपोआप येणार नाहीत. ते मागणारा माणूस हवा आणि मागण्यासाठी त्याला ते माहीत हवं.

माझी खरी तळमळ पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात आपलीही माणसं ही विमानं उडवत होती. मोहिंदर सिंग पुज्जी १९४१ मध्ये इंग्लंडमधून हरिकेन उडवत होते, तेही डोक्यावर पगडी बांधून. ग्रेव्हझेंड गावात २०१४ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्या मुंबईच्या नावाचं ब्रिटिश हवाई दलाचं १३२ वं स्क्वाड्रन स्पिटफायर घेऊन १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उडत होतं. आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर भारतीय हवाई दलाची स्वतःची स्क्वाड्रन होती. स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग यांचं सहावं स्क्वाड्रन आराकानमध्ये हरिकेनमधून टेहळणी करायचं. विमानं जोडीने जायची, एकाने जमीन बघायची आणि दुसऱ्याने आकाश राखायचं. मेहर सिंगांना त्यासाठी डीएसओ हे पदक मिळालं, त्या युद्धात भारतीय हवाई दलात ते मिळवणारे ते एकटेच. अर्जन सिंग यांचं पहिलं स्क्वाड्रन १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात तिथेच ठाण मांडून लढलं आणि अर्जन सिंगांना डीएफसी हे पदक मिळालं.

याची चित्रं आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कितपत येतात? काही चित्रकारांनी मनापासून प्रयत्न केले आहेत, त्यांना माझा सलाम. पण फोनवर फिरतं ते इंग्लंडच्या ढगांतलं विमान आणि त्यावर तिरंगी अक्षरांत शुभेच्छा. ब्रह्मदेशातल्या विमानांची ओळख साधी आहे. पंखावरच्या वर्तुळातला लाल ठिपका तिथे काढून टाकला होता, कारण जपानी विमानांची खूण लाल सूर्याची होती आणि आपल्याच माणसांनी चुकून आपलंच विमान पाडण्याची भीती होती. गडद निळं कडं आणि आत फिकट निळा ठिपका, एवढं जरी अचूक काढलं तरी चित्र केंटमधून उठून इंफाळला येतं. पुढे पावसाळी ढग, दऱ्या, झाडीवरून खाली खाली जाणारी जोडी. चित्रकाराला आणखी काय हवं?

आपण ही चित्रं टाळतो याचं एक कारण मला अवघडलेपण वाटतं. त्याच इंफाळच्या आघाडीवर आझाद हिंद सेनेचे जवान जपान्यांच्या बाजूने लढत होते. भारतीय हरिकेनच्या खाली भारतीय सैनिक असू शकत होते. दोघांनाही देशच हवा होता. हा पेच मोठ्या चित्रकाराने घाबरून सोडावा असा नाही, उराशी धरावा असा आहे. आझाद हिंदकडून जपानमध्ये शिकायला गेलेले रमेश सखाराम बेनेगल पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलात वैमानिक झाले आणि १९७१ च्या युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरले. एका माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजू मावल्या, मग एका चित्रात का मावू नयेत?

कलाशाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की दिल्लीची सहल निघाली तर मुलांना पालमच्या हवाई दल संग्रहालयात न्या. तिथे हरिकेन आहे, स्पिटफायर आहे, टेम्पेस्ट आहे. मोबाइल बाजूला ठेवून एक दिवस त्यांच्यासमोर बसून पेन्सिलीने काढायला लावा. कॉकपिट किती अरुंद आहे, हे कागदावर मोजून काढताना जसं कळतं तसं कुठल्याच पडद्यावर कळत नाही. आणि वाचकांपैकी कुणाच्या आजोबांनी, पणजोबांनी त्या काळात हवाई दलात काम केलं असेल, मग ते वैमानिक असोत, फिटर असोत की पॅराशूटच्या घड्या घालणारे, तर घरातले जुने फोटो, लॉगबुकं, पत्रं रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल आजच लिहून ठेवा आणि कुणी चित्रकार विचारायला आला तर त्याला ते दाखवा.